वाकणारी काठीच खरी भक्कम

पावसाळा सरून समुद्र निवळला की कोकणात खाड्यांच्या मुखाशी, जेट्टीवर, खडपांवर गरवणारे दिसू लागतात. त्यात दरवर्षी काही नवी माणसं असतात, आणि पहिली काठी विकत घेताना त्यांना बहुधा एकच सल्ला मिळतो: समुद्राला जायचं तर काठी भक्कम घ्या. ऐकायला तो शहाणपणाचा वाटतो. पण किनाऱ्यावरून फ्लोट टाकून मासे धरायचे असतील, तर हा सल्ला चुकीचा आहे. जाड, ताठ काठीने फ्लोट लांब जात नाही, आमिष टिकत नाही आणि मासाही जास्त सुटतो. फ्लोटसाठी काठी लांब, हलकी आणि सहज वाकणारी हवी. ही हौसेची किंवा आवडीनिवडीची बाब नाही. फेक कशी होते आणि ओढ कुठे बसते, हे नीट पाहिलं की दुसरा निष्कर्ष निघत नाही.

आधी फेक पाहू. काठी स्प्रिंगसारखी काम करते. मागे नेऊन पुढे झटकताना टोकाला लटकलेल्या वजनाने ती वाकते आणि सरळ होताना ते वजन भिरकावते. वाकलीच नाही, तर फेकण्याचं सगळं काम दंडावर येतं. म्हणून काठीच्या बुडाजवळ एक आकडा छापलेला असतो: ५ ते २५ ग्रॅम, १० ते ३० ग्रॅम, ४० ते ८० ग्रॅम, किंवा औंसात; एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. ती काठी किती वजन फेकण्यासाठी बनवली आहे, हे तो सांगतो. फ्लोट, शिसं आणि गरीला लावलेली कोळंबी मिळून २०-२२ ग्रॅम भरत असतील, तर ४० ते ८० ग्रॅमची काठी त्यांना ओळखतच नाही. मग माणूस जोर लावून हिसका देतो, कोळंबी गरीवरून निसटून एकीकडे जाते आणि फ्लोट दहा-पंधरा पावलांवर पडतो. १० ते ३० ग्रॅमची काठी तेच वजन अलगद आणि दूर पोचवते.

दुसरा मुद्दा लांबीचा. आपल्या खडकाळ किनाऱ्यावर शिसं तळाला सोडलं की गरी कपारीत अडकते. फ्लोटचा खरा उपयोग गरी खडकाच्या वर तरंगती ठेवण्याचा. पण फ्लोट आणि काठीचं टोक यांच्यामधली तंगूस पाण्यावर पसरली की वारा आणि पाण्याची ओढ तिला कमान करून वाहून नेतात. फ्लोट जागा सोडतो आणि मासा लागल्यावर दिलेला झटका त्या ढिल्या कमानीतच जिरतो. दहा ते बारा फुटांची काठी तंगूस उचलून धरते, लागलेल्या माशाला खडपाच्या धारेपासून लांब ठेवते. त्यात आपली भरती-ओहोटी. मुंबईला उधाणाच्या दिवसांत भरतीचं पाणी साडेचार मीटरच्या वर जातं, म्हणजे सहा तासांत एकाच जागेची खोली कितीतरी बदलते. काठीच्या लांबीहून खोल पाण्यात पक्का बांधलेला फ्लोट फेकताच येत नाही. तिथे तंगुसाला बारीक गाठ मारून सरकता फ्लोट लावावा लागतो. ती गाठ काठीच्या कड्यांतून विनाअडथळा जायला हवी, म्हणून टोकाची कडी फारच बारीक नकोत. बारा फुटांच्या पुढे मात्र काठी टोकाकडे जड होत जाते आणि तासाभरात मनगट थकतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: मोठा मासा लागला तर? इथे हिशोब करून पाहावा. फ्लोटसाठी वापरली जाणारी तंगूस साधारण ८ ते १० पौंडांची. म्हणजे फार तर साडेचार किलोच्या ओढीला ती तुटणार. रिळाचा ड्रॅग तिच्या पाव ते एक तृतीयांश ताकदीवर ठेवायचा, म्हणजे एक ते दीड किलोवर. त्याहून जास्त ओढ काठीवर येतच नाही, कारण रीळ तंगूस सोडू लागतं. मग दहा किलो उचलू शकणाऱ्या काठीचा उपयोग काय? उलट ताठ काठीत टोकापासून मुठीपर्यंतचा सगळा पल्ला हातावर भार टाकतो. काठी कमानीसारखी वाकली की तो पल्ला आखूड होतो, हाताला आराम मिळतो आणि माशाचा प्रत्येक हिसका तंगुसाऐवजी काठी झेलते. हेकरूसारखा मासा कपारीत घुसू पाहतो तेव्हा हलक्या काठीने त्याला चटकन अडवता येत नाही, हे खरं आहे. जिवंत आमिषावर मोठा जिताडाच धरायचा असेल, तर तंगूस, रीळ आणि काठी सगळंच वेगळं हवं. पण वर्षात कधीतरी लागणाऱ्या माशासाठी रोजची काठी निवडणं म्हणजे पाहुणे येतील म्हणून रोज मोठ्या पातेल्यात भात लावणं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हलकी कार्बनची काठी मोडते. खडकावर आपटली तर तिला बारीक चीर जाते आणि पुढच्या फेकीला ती तिथेच तुटते. फायबरची काठी मार सोसते, पण तेवढ्याच ताठपणासाठी जाड आणि जड करावी लागते. ज्याला खडपांवरून चढ-उतार करावी लागते, त्याने दोन्हींचं मिश्रण असलेली काठी घ्यावी. थोडं वजन वाढतं, काठी टिकते. कार्बनमधून वीज वाहते, हेही विसरू नये. विजेच्या तारांखाली ती उभी धरू नये आणि आभाळ गडगडू लागलं की खाली ठेवून आडोशाला जावं. शांत खाडीकाठी बांबू पुरतो, असंही कोणी म्हणेल. तिथे तो पुरतोच. पण बांबू तिथे चालतो तो त्याचा बारीक शेंडा लवतो म्हणून. म्हणजे आपल्या जुन्या काठीनेही हीच गोष्ट सांगितली आहे.

म्हणून दुकानात काठी हवेत फिरवून निवडू नये. आपलं रीळ सोबत न्यावं, ते बसवून काठी पाच मिनिटं हातात धरावी. टोक खाली ओढत असेल तर ती ठेवून द्यावी. तंगूस कड्यांतून ओवून टोकाला थोडं पाणी भरलेली बाटली बांधावी आणि हळूच उचलावी: वाक शेंड्यापासून मधल्या भागापर्यंत सलग यायला हवा, एकाच जागी काटकोन नको. प्रत्येक कड्यातून कापसाचा बोळा फिरवावा; कापसाचा तंतू अडकला तर आत चीर आहे आणि ती तंगूस कापणार. दुकानदारांनीही जाडी दाखवून काठी विकण्याऐवजी गिऱ्हाईकाला आधी विचारावं, फेकणार काय आणि किती ग्रॅम. किनाऱ्यावरून गरवणं ही होडी नसलेल्या माणसाला समुद्राशी जोडणारी सगळ्यांत स्वस्त वाट आहे. चुकीची काठी घेऊन दोन रविवार रिकाम्या हाताने परतलेला माणूस तिसऱ्यांदा येत नाही, आणि तो दोष समुद्राला नाहीतर नशिबाला देतो. खरं तर चुकलेला असतो बुडाजवळचा तो न वाचलेला आकडा.