तिसरा रकाना कुठे आहे?

मध्य भारतातील एका आदिवासीबहुल जिल्ह्यात मी जिल्हाधिकारी असताना दरमहा आढावा बैठकीत आरोग्य विभागाचा तक्ता समोर येई. त्यात ‘उद्दिष्ट’ आणि ‘साध्य’ असे दोनच रकाने असत. तपासलेल्या माणसांचे पुढे काय झाले, हे सांगणारा तिसरा रकाना नव्हता. तो असावा, असे तेव्हा मलाही सुचले नाही. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाकडे पाहताना त्या उणिवेची आठवण होते.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून हे अभियान सुरू झाले. चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन, हे त्याचे लक्ष्य. २०२५ च्या मध्यापर्यंत ६ कोटींहून अधिक लोकांची तपासणी झाली. त्यांत २ लाखांवर रुग्ण आणि १६ लाखांवर वाहक आढळले. एवढ्या दुर्गम भागांत एवढे काम होणे कौतुकास्पदच आहे.

परंतु ‘तपासणी’ या एका शब्दात दोन भिन्न गोष्टी सामावलेल्या आहेत. गावातील शिबिरात बोट टोचून केली जाणारी विद्राव्यता चाचणी रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही, एवढेच सांगते. ती व्यक्ती निरोगी वाहक आहे की रुग्ण, हे त्यातून कळत नाही. काही नव्या जलद चाचण्या हा भेद दाखवतात. तरीही त्यांचा निकाल पक्का करावा लागतो. त्यासाठी प्रयोगशाळेत इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी पद्धतीने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून त्यांचे प्रमाण मोजतात. पहिल्या काही महिन्यांत बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनच अधिक असल्याने विद्राव्यता चाचणी आजारी बाळालाही निर्दोष ठरवू शकते. शिवाय बीटा थॅलेसिमियाचा वाहक तिला दिसतच नाही. आई सिकलसेलची आणि वडील थॅलेसिमियाचे वाहक असतील, तर वडिलांच्या हाती ‘दोष नाही’ अशी चिठ्ठी असूनही मूल गंभीर आजारी जन्मू शकते.

हे ज्ञान नवे नाही. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये इलेक्ट्रोफोरेसिसच्या साहाय्याने हा दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचे दाखवले. १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये सिकलसेल आढळल्याची नोंद झाली. त्याच वर्षी, समूहांना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा, १८७१ पासून चालत आलेला कायदा स्वतंत्र भारताने रद्द केला. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा योगायोग अस्वस्थ करतो. कारण रक्ताचा निकालही जन्माचा शिक्का बनू शकतो.

अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या आरंभी अनेक राज्यांनी कृष्णवर्णीयांसाठी ही तपासणी सक्तीची केली. समुपदेशन आणि गोपनीयता यांची तजवीज अपुरी होती. परिणामी निरोगी वाहकांनाही नोकरी आणि विमा नाकारला गेला. हवाई दलाच्या अकादमीची दारे त्यांना १९८१ पर्यंत बंद राहिली. आपल्याकडे तपासलेल्यांना कार्डे दिली जात आहेत. विवाहापूर्वी जोडप्याने विचारपूर्वक निर्णय घ्यावा, हा त्यामागील हेतू योग्य आहे. मात्र तेच कार्ड वाहक मुलीचे लग्न मोडण्याचे निमित्त ठरले, तर पुढचे कुटुंब तपासणीला येणार नाही.

म्हणून प्रत्येक जिल्ह्याला एचपीएलसीची सोय, निकालासाठी ठरलेली मुदत, प्रशिक्षित समुपदेशक आणि कार्डावरील माहितीला कायदेशीर संरक्षण हवे. रुग्णाला हायड्रॉक्सियुरिया अखंड मिळाले पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले आहे. त्याचा लाभ घ्यायलाही पक्क्या निदानाचा कागद लागतो.

मासिक तक्त्यात आता तिसरा रकाना घालावा: निदान पक्के होऊन उपचार सुरू असलेले किती? तो भरताना अधिकाऱ्यांचे हात थबकतील. माझेही थबकले असते.