निदानाविना उपचार

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर परिसरात २००६ च्या प्रारंभी कोंबड्या मोठ्या संख्येने मरू लागल्या, तेव्हा ही नेहमीची मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोग असावा, असा समज प्रथम झाला. तो अगदीच अस्थानी होता असे नाही; कारण या दोन रोगांची बाह्य लक्षणे पुष्कळशी सारखी असतात. भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेतील तपासणीनंतर ही बर्ड फ्लूची साथ असल्याचे १८ फेब्रुवारीस जाहीर झाले. देशातील ही अशी पहिलीच साथ होती आणि तीपायी लक्षावधी कोंबड्या माराव्या लागल्या.

केवळ डोळ्यांनी केलेले निदान हा अखेर तर्कच असतो, हा या घटनेचा बोध होय. तर्काचे निश्चितीत रूपांतर करण्याचे सामर्थ्य प्रयोगशाळेपाशी आहे. आज शहरातील पाळीव कुत्र्याला ताप आला, तर त्याचे रक्त तपासून घेण्याची सोय बहुधा जवळपास उपलब्ध असते. ज्या गाईच्या दुधावर एखाद्या कुटुंबाचा चरितार्थ चालतो, तिच्यावर मात्र अनेकदा अंदाजानेच उपचार होतात. औषध लागू पडले नाही की दुसरे दिले जाते, आणि दरम्यान संसर्ग शेजारच्या गोठ्यात पोहोचतो.

प्रयोगशाळा मुळीच नाहीत, असे म्हणता येणार नाही. पुण्यात औंध येथे राज्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. खरी उणीव आहे ती गोठा आणि प्रयोगशाळा यांना जोडणाऱ्या साखळीची. नमुना वेळेवर व योग्य रीतीने घेतला पाहिजे, तो थंड राखून पोहोचवला पाहिजे आणि अहवाल जनावर जिवंत असतानाच परत आला पाहिजे. वाटेत नासलेल्या नमुन्यात रोगजंतू आढळला नाही, तर रोगच नाही असा घातक गैरसमज होण्याचा संभव असतो.

या साखळीची पहिली कडी म्हणजे स्वतः पशुपालक. अनुसूचित सांसर्गिक रोगाची शंका येताच गावपातळीवर वर्दी देण्याचे बंधन २००९ च्या केंद्रीय कायद्याने त्याच्यावर घातले आहे. परंतु वर्दी दिल्यास बाजार बंद होईल, दूध कोणी घेणार नाही, ही भीती कायद्याच्या धाकाहून प्रबळ ठरते. लम्पी चर्मरोगाच्या २०२२ मधील साथीत राज्य शासनाने मृत दुभत्या गाईमागे ३०,००० रुपयांचे साहाय्य जाहीर केले, ते योग्यच झाले. तथापि, साहाय्य मृत्यूनंतरचे असते; पशुपालकाला धीर हवा असतो तो रोगाची पहिली शंका येते तेव्हा.

म्हणून प्रत्येक तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात प्राथमिक तपासणीची सोय, नमुने नेण्याची निश्चित व्यवस्था आणि अहवालासाठी ठरावीक मुदत या तीन गोष्टी शासनाने प्राधान्याने केल्या पाहिजेत. त्यांचा खर्च एका साथीत होणाऱ्या हानीच्या मानाने अल्पच ठरेल. मुक्या जनावराला आपली व्यथा सांगता येत नाही; त्याच्या रक्ताचा एक थेंब ती सांगू शकतो. मात्र तो वेळेवर तपासला गेला पाहिजे.