टायरचा खरा हिशेब

माधवनगरात आमच्या ओळखीचे काही तरुण कर्ज काढून वडाप चालवतात. टायर स्वस्तातला घ्यावा की नामांकित कंपनीचा, असे ते आम्हाला विचारतात. आम्ही पडलो कारकून. हिशेब मांडून दाखवतो. समजा, ३,००० रुपयांचा टायर ३०,००० किलोमीटर चालला, तर किलोमीटरला १० पैसे पडले. ४,५०० चा ५०,००० चालला, तर ९ पैसे. महाग तोच स्वस्त! पण तो ४०,००० वरच संपला, तर सव्वाअकरा पैसे. म्हणून नुसत्या नावावर जाऊ नये.

टायरच्या कडेवर आयएसआय खूण पाहावी. तिथेच चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. पडून राहिलेला माल घेऊ नये. हवा कमी असली, तर भारीतला टायरही लवकर झिजतो. आणि नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर बाद समजावा. ओल्या रस्त्यावर गाडी घसरते.

बंधूंनो, एकदम चार जमत नसतील तर आधी जास्त घासलेले दोन बदला. पण गुळगुळीत टायरवर लोकांची लेकरे बसवू नका. थकलेला हप्ता फेडता येतो, गेलेला जीव परत येत नाही.