घोंगडीची स्मरणशक्ति

सोलापूर जिल्ह्यांतील सांगोल्याकडचा मुलूख अवर्षणाचा. तेथें धनगरांनीं मेंढ्या राखाव्या व सनगरांनीं त्यांच्या काळ्या, राठ लोंकरीच्या घोंगड्या विणाव्या, ही जुनी रीत. अशी घोंगडी किंवा सोंवळ्याची धाबळी अनेक घरांत वर्षानुवर्षें टिकते. दिवसभर घडी घालून ठेवलेली घोंगडी रात्रीं झटकून पसरली कीं बहुतेक सपाट होते. सुती चादरीची चुणी मात्र इस्त्रीवांचून सहसा जात नाहीं. हा गुण लोंकरीस कोठून आला, याचा विचार आम्ही या वेळीं करणार आहों. कारण तो न कळल्यामुळेंच पुष्कळ चांगलीं वस्त्रें धुण्याच्या दिवशीं बिघडतात.

लोंकर, केस व नखें हीं केराटिन नांवाच्या प्रथिनाचीं बनलेलीं असतात. लोंकरीच्या तंतूच्या आंत मळसूत्राप्रमाणें वळलेल्या रेणूंचे सूक्ष्म दोरे असतात, आणि त्यांना चोहोंकडून वेढणारा गंधकयुक्त भराव असतो. कुडाच्या भिंतींत काटक्या व माती एकमेकींस धरून राहतात, तसाच हा संमिश्र पदार्थ होय. त्यांतील बंधही दोन जातींचे. हायड्रोजनचे बंध दुर्बळ पण असंख्य. पाणी शिरतांच ते सुटतात आणि वाळतांच नव्या जागीं जुळतात. गंधकाचे बंध थोडे पण बळकट. साध्या पाण्याला ते दाद देत नाहींत.

पहिले बंध तात्पुरता आकार धरून ठेवतात. दुसरे मूळ आकार विसरूं देत नाहींत. ओल्या केसांची वेणी घालून ती तशीच वाळूं दिली, तर सोडल्यावर केसांना लाटा दिसतात. पुन्हा न्हाणें झालें कीं त्या नाहींशा होतात. शास्त्रज्ञ यासच आकारस्मृति म्हणतात. ती कोणत्याही एका घटकांत नसून त्यांच्या रचनेंत असते. सर्वच बंध बळकट असते, तर वस्तु वाकलीच नसती. सर्वच दुर्बळ असते, तर वाकलेली परतली नसती.

इंग्लंडांतील लीड्स विद्यापीठांत विल्यम ॲस्टबरी यांनीं १९३० नंतरच्या कांहीं वर्षांत क्ष-किरणांनीं लोंकर तपासली, तेव्हां ताणलेल्या तंतूंतील वळलेले रेणु उलगडलेले आढळले. ओला तंतु सुमारें ३० टक्के ताणून सोडला, तरी पाण्यांत तो मूळ लांबीवर येतो. मात्र ताणलेल्या स्थितींतच त्यास पुष्कळ वेळ वाफ दिली, तर गंधकाचे बंधही मोडून नव्यानें जुळतात, आणि तोच त्याचा कायमचा आकार होतो. २०२० सालीं हार्वर्ड विद्यापीठांतील संशोधकांनीं कापडधंद्यांत उरलेल्या अंगोरा लोंकरींतील केराटिनाचा पातळ पत्रा करून त्यास घड्यांच्या ताऱ्याचा आकार कायम केला. मग तो भिजवून, गुंडाळून, नळीच्या रूपांत वाळविला. ती नळी पाण्यांत टाकतांच तारा परत आला!

आतां घरची गोष्ट. मागावर ताणून धरलेले धागे पहिल्या धुण्यांत आपली लांबी आठवतात, म्हणून नवी घोंगडी थोडी आटते. हा विणकराचा दोष नव्हे. गरम पाण्यांत चोळल्यानें तंतूंवरील खवले एकमेकांत अडकून जें आटणें होतें, तें मात्र परत फिरत नाहीं. धुण्याच्या सोड्याच्या कडक, गरम पाण्यानें तर गंधकाचे बंधच तुटूं लागतात. यास्तव थंड पाणी व सौम्य साबण वापरावा, पिळूं नये, आणि दोरीवर लोंबत न ठेवतां सावलींत सपाट पसरून वाळवावी. ज्या आकारांत ती वाळेल, तोच ती पुढील भिजण्यापर्यंत धरील.

दख्खनी मेंढीच्या या लोंकरीस राठ म्हणून आज फारशी किंमत येत नाहीं, आणि सनगरांचे मागही कमी होत चालले आहेत. पण स्मृतीचा हा गुण मऊ लोंकरीपुरताच नाहीं. राठ लोंकरींतही तो आहे. म्हणून आमची सूचना इतकीच, कीं घरांतील चुरगळलेली घोंगडी निकामी ठरविण्यापूर्वीं एकदां थंड पाण्यांत भिजवून सपाट वाळवून पाहावी. आंतले गंधकाचे बंध शाबूत असतील, तर ती आपली घडी आपणच मोडील.