धावणे केवळ भरतीपुरतेच का?

आषाढात माउलींची पालखी सोलापूर जिल्ह्यात येते. खुडूस येथील रिंगण आटोपून सोहळा वेळापूरच्या वाटेला लागला की धावाबावीची टेकडी येते. याच टेकाडावरून तुकोबारायांना पंढरीच्या मंदिराचा कळस दिसला आणि ते देहभान विसरून धावत सुटले, अशी परंपरागत श्रद्धा आहे. त्या स्मरणार्थ एकामागून एक दिंड्या उतारावरून धावू लागतात. सुमारे दोन आठवडे पायी चालून आलेले, साठी-सत्तरी ओलांडलेले वारकरी, डोक्यावर तुळस घेतलेल्या माताभगिनी, गळ्यात मृदंग अडकवलेले तरुण, सारेच धावतात. कोणी पहिला येत नाही, कोणी मागे पडल्याचे दुःख करीत नाही. उतार संपल्यावर चेहऱ्यांवर उमटलेली प्रसन्नता भक्तीची खरीच; परंतु तिच्यात धावणाऱ्या देहाचाही वाटा आहे, असे म्हटल्याने भक्तीला उणेपणा येत नाही.

याच जिल्ह्यात वर्षभर आणखी एक धावणे चालू असते. तांबडे फुटण्यापूर्वी शहराबाहेरच्या रस्त्यांवर आणि गावोगावच्या माळांवर मुले-मुली धावताना दिसतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. सैन्यभरतीतही धाव आहेच. सेकंदासेकंदाचा हिशेब, मनगटावरच्या घड्याळाकडे नजर. या जिद्दीचे कौतुक करावे तेवढे थोडेच. मात्र निकाल लागतो, यादीत नाव नसते किंवा वयोमर्यादा उलटते, आणि बूट कोपऱ्यात पडतात ते कायमचे. ज्या दिवसांत मन खचलेले असते, घरात बोलणे नकोसे होते, रात्री झोप लागत नाही, नेमक्या त्याच दिवसांत धावणे सुटते. जणू धावणे ही केवळ एक परीक्षा होती आणि ती नापास झाल्यावर त्या विषयाशी संबंधच संपला!

नियमित धावण्याचा मनावर होणारा परिणाम आता केवळ अनुभवाचा विषय राहिलेला नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने १९९९ साली नैराश्याने ग्रासलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या १५६ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १६ आठवड्यांअखेर आठवड्यातून तीनदा व्यायाम करणारे आणि औषध घेणारे यांच्यातील सुधारणा जवळपास सारखीच आढळली. २०२३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी नैराश्य वा चिंतेचा विकार असलेल्या १४१ रुग्णांचे निष्कर्ष मांडले. त्यांतील बहुतेकांनी आपला मार्ग स्वतःच निवडला होता : ४५ जणांचा गट औषधांचा, ९६ जणांचा धावण्याचा. १६ आठवड्यांनंतर दोन्ही गटांत सुमारे ४४ टक्के रुग्ण विकारातून बाहेर आले. धावणाऱ्यांचे वजन, रक्तदाब, हृदयाचे कार्य सुधारले, ही त्यावर भर.

परंतु त्याच अभ्यासातील दुसरा आकडा अधिक बोलका आहे. औषधांच्या गटात ८२ टक्के लोकांनी उपचार नेमाने पाळला. धावण्याच्या गटात केवळ ५२ टक्क्यांनी. गोळी गिळायला क्षण पुरतो. खचलेल्या माणसाला पहाटे अंथरुणातून उठणे हाच डोंगर असतो. म्हणूनच ‘धाव, बरे वाटेल’ असे सांगून मोकळे होणाऱ्यांचा उपदेश कोरडा ठरतो. सोबतीला कोणी हवे. दिंडीतला वारकरी इतके अंतर कापतो, कारण पुढे टाळ वाजत असतो आणि मागे माणसे असतात.

गंभीर नैराश्यावर धावणे हा वैद्यकीय उपचारांचा पर्याय नव्हे, चालू असलेली औषधे तर परस्पर बंद करू नयेतच. आत्मघाताचे विचार येत असतील तर मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यात संकोच कसला? शासनाची ‘टेलिमानस’ सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

प्रश्न उरतो तो घरांचा आणि नगराचा. यंत्रमागाच्या खडखडाटात उभे राहणारे कामगार, दिवसभर मान खाली घालून विड्या वळणाऱ्या भगिनी, दुकानाच्या गादीवर बसलेला व्यापारी, ही सोलापूरची माणसे. मुलगा धावला तर घर कौतुक करते. त्याच घरातील चाळिशीची गृहिणी धावायला निघाली तर आळीतल्या खिडक्या उघडतात. वारीत धावणारी माता वंद्य आणि रस्त्यावर धावणारी हास्यास्पद, हा न्याय विचित्रच! २०१६ च्या जानेवारीत ‘स्मार्ट’ शहरांच्या पहिल्या यादीत सोलापूरचे नाव झळकले. अशा नगरात पहाटे दिवे लागलेले, मोकाट कुत्र्यांपासून निर्धोक असे दोन-तीन किलोमीटरचे पट्टे प्रत्येक भागात असावेत, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. येथे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो; धावायला पहाटच उरते, आणि ती अंधारी असेल तर स्त्रियांना तीही उरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार प्रौढांना आठवड्यातून ७५ ते १५० मिनिटांचा जोमदार व्यायाम पुरेसा आहे. म्हणजे तीन दिवस अर्धा-अर्धा तास. नवख्याने दोन मिनिटे धावावे, दोन मिनिटे चालावे. हृदयविकार वा मधुमेह असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. भरतीची तयारी करून घेणाऱ्या गावोगावच्या प्रशिक्षकांनी मात्र आणखी एक गोष्ट करून पाहावी. निकालाच्या दुसऱ्या दिवशी, यादीत नाव नसलेल्या मुलांच्या दारी पहाटे पाच वाजता जावे, आणि त्या दिवशी घड्याळ घरी ठेवावे.