मडकीं मोजावीं कीं वाजवून पाहावीं?

आपल्या जिल्ह्यांतील तेर गांवच्या गोरा कुंभारांची एक कथा लहानथोरांस ठाऊक आहे. संतमंडळी जमली असतां मुक्ताबाईंनीं त्यांस विचारलें कीं, यांतील कच्चें मडकें कोणतें? गोरोबांनीं थापटणें हातीं घेतलें, एकेकाच्या मस्तकावर ठोका दिला आणि नामदेवांस तेवढें कच्चें ठरविलें. कथेचा धार्मिक अर्थ ज्याचा त्यानें घ्यावा. आम्हांस तींतील कुंभाराची रीत महत्त्वाची वाटते. मडकें कोणत्या आव्यांतून निघालें, हें त्यांनीं विचारलें नाहीं. प्रत्येक मडकें स्वतः वाजवून पाहिलें. विद्वानाची पारख कशी करावी, हा प्रश्न आज जगांतील विद्यापीठांस पडला आहे, आणि त्याचा विचार करतांना आम्हांस या रीतीची आठवण होते.

शास्त्रज्ञ आपलें संशोधन निबंधरूपानें नियतकालिकांत प्रसिद्ध करतो. पुढील संशोधकानें त्याचा आधार घेतला म्हणजे तो आपल्या लेखांत त्या निबंधाचा उल्लेख करतो. हा उल्लेख म्हणजे ऋणाची प्रामाणिक कबुली होय. अमेरिकेंतील यूजीन गारफील्ड यांनीं इ. स. १९६४ मध्यें अशा उल्लेखांची मोठी सूची प्रसिद्ध केली. पुढें इ. स. २००५ मध्यें हर्श नांवाच्या पदार्थविज्ञानवेत्त्यानें एक अंक सुचविला. ज्याच्या दहा निबंधांचा प्रत्येकीं निदान दहा वेळां उल्लेख झाला, त्याचा अंक दहा. वीस निबंधांचा वीस वेळां झाला, तर वीस. पाहतां पाहतां नेमणुका व बढत्या करणारे लोक निबंध वाचण्याऐवजीं हा अंकच वाचूं लागले.

मोजणीस सर्वस्वीं दोष देणें न्यायाचें होणार नाहीं. ज्यास वशिला नाहीं, त्याच्या बाजूनें आंकडा साक्ष देतो. परंतु साक्षीदारास न्यायाधीशाच्या आसनावर बसविलें म्हणजे अनर्थ ओढवतो. वैद्यकांत लिहिणारे पुष्कळ, म्हणून उल्लेखही पुष्कळ. गणितांत दोन्ही थोडे. एखादा निबंध खोडून काढण्यासाठीं केलेला उल्लेखही जमेसच धरला जातो. शिवाय आंकड्यावर पोट अवलंबून राहिलें कीं तो वाढविण्याच्या युक्त्या निघतात. एका कामाचे चार तुकडे करून चार निबंध छापावे, मित्रांनीं परस्परांचे उल्लेख करावे, पैसे घेऊन कांहींही छापणाऱ्यांचा आश्रय करावा, असे प्रकार घडतात. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगास इ. स. २०१८ मध्यें मान्य यादींतून ४,३०५ नियतकालिकें काढून टाकावीं लागलीं.

मज्जातंतुशास्त्राच्या इतिहासांतच याचा बोधप्रद दाखला आहे. स्पेन देशांतील काहाल यांनीं इ. स. १८८८ मध्यें पदरचे पैसे घालून एक नियतकालिक काढलें व त्यांत मेंदूच्या पेशींविषयींचे आपले शोध छापले. तें स्पॅनिश भाषेंत असल्यामुळें बाहेरच्या फार थोड्या विद्वानांनीं वाचलें. दुसऱ्या वर्षीं ते आपले काचेवरील नमुने घेऊन बर्लिनच्या सभेस गेले. तेथें कोलिकर या वृद्ध शास्त्रज्ञांनीं सूक्ष्मदर्शकास डोळा लावला आणि त्यांची खात्री पटली. मेंदूंतील प्रत्येक पेशी स्वतंत्र असते, हें काहाल यांचें मत पुढें जगन्मान्य झालें व इ. स. १९०६ मध्यें त्यांस नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. बर्लिनला त्या दिवशीं केवळ उल्लेख मोजले असते, तर काहाल कच्चें मडकें ठरले असते.

आपल्या महाराष्ट्रांतील उदाहरण डॉ. शुभा टोळे यांचें. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत व पुढें अमेरिकेंत शिकून त्या इ. स. १९९९ मध्यें टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आल्या. गर्भावस्थेंत मेंदू कसा घडतो, हा त्यांचा विषय. इ. स. २००८ मध्यें त्यांनीं सहकाऱ्यांसह 'सायन्स' या नियतकालिकांत दाखवून दिलें कीं, उंदराच्या भ्रूणांत एल्‌-एच्‌-एक्स्‌-दोन नांवाचा जनुक पेशींस मेंदूचें बाह्य आवरण बनण्याची दिशा देतो. तो नसल्यास त्याच पेशी निराळें वळण घेऊन स्मरणाशीं संबंध असलेल्या भागाची घडण चालवूं लागतात. त्यांस इ. स. २०१० मध्यें भटनागर व इ. स. २०१४ मध्यें इन्फोसिस पारितोषिक मिळालें. त्यांच्या निबंधांचे उल्लेख किती, हें यंत्र क्षणांत सांगतें. परंतु त्या कामाचें मोल ज्यास जाणावयाचें आहे, त्यास तो निबंध वाचावाच लागतो.

आतां पालकांस दोन शब्द. निकालाच्या दिवशीं घरांत पहिला प्रश्न "किती पडले?" हाच असतो. आम्ही शिक्षकही यांत निर्दोष नाहीं. वह्यांचा ढीग समोर असला म्हणजे आम्हीही बेरजेवर भागवितों. त्यामुळें मुलास वाटूं लागतें कीं, आंकडा हेंच शिक्षण. मग शेजाऱ्याची वही उतरविण्यांत त्यास लाज वाटत नाहीं. प्रभु येशूनें मंदिराच्या भांडारापाशीं बसून विधवेच्या दोन टोल्या इतर सर्वांच्या दानाहून अधिक मानल्या. भांडाराच्या हिशेबांत मात्र त्या दोनच टोल्या होत्या.

म्हणून आमची विनंति अशी कीं, पालकांनीं आठवड्यांतून एकदां मुलास जवळ बसवून एक धडा त्याच्याच शब्दांत समजावून सांगावयास लावावें. पालकास अक्षरओळख नसली तरी चिंता नाहीं. मूल अडखळतें कोठें, हें ऐकणाऱ्यास कळतेंच. आणि विद्यार्थिमित्रहो, निबंधासाठीं ज्याच्या पुस्तकाचा आधार घेतला त्याचें नांव खालीं लिहावयास येत्या वर्षापासून आरंभ करा. ज्या कबुलीवर शास्त्रांचा सारा व्यवहार चालतो, तिचा अभ्यास शाळेच्या वहींतच झाला पाहिजे.