मागच्यांनी सोडलेली जागा

संपादक मंडळातील विद्यार्थिनी घरी आल्या तेव्हा त्यांनी माझ्याकडे परदेशातील शिक्षणावर लेख मागितला होता. ग्रंथालये, प्राध्यापक, शिष्यवृत्त्या यांविषयी चार उपयुक्त गोष्टी लिहाव्यात, ही त्यांची अपेक्षा रास्तच होती. ती मी पुरी करीत नाही, याबद्दल आधीच क्षमा मागते. केंब्रिजला मी एक वर्ष काढले. पण तिथली जी गोष्ट आपल्या महाविद्यालयाला सांगावीशी वाटते, ती मला ग्रंथालयात मिळाली नाही. ती मिळाली कॅम नावाच्या एका अरुंद नदीवर, हिवाळ्याच्या गारठ्यात, ओळीने चार दिवस हरताना.

म्हणजे हा लेख खेळाविषयी आहे. ‘तू आणि खेळ?’ असे माझे जुने सहाध्यायी विचारतील. त्यांचे खरे आहे. या महाविद्यालयात मी दरवर्षी जिमखान्याची फी भरली आणि जिमखान्याच्या खोलीचा उंबरठा एकदाही ओलांडला नाही. कृष्णाकाठी वाढले, पण होड्यांच्या शर्यती पाहिल्या त्या पुलावरून, भुईमुगाच्या शेंगा खात. खेळायचे ते ज्यांना खेळता येते त्यांनी, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, अशी आपल्याकडची वाटणी मला कधी खटकलीही नाही.

केंब्रिजमध्ये तीसहून अधिक कॉलेजे आहेत आणि बहुतेक प्रत्येकाचा आपला बोट क्लब आहे. तो विद्यार्थीच चालवतात. कॅप्टन त्यांनीच निवडायचा, सकाळचे वेळापत्रक त्यांनीच लावायचे, नवख्यांना जुन्यांनी शिकवायचे. ऑक्टोबरमध्ये पहिले सत्र सुरू होताच हे लोक दिसेल त्याला धरून विचारतात, ‘वल्हवणार का?’ येते का, असे विचारत नाहीत. येणार का, एवढेच. मी पोहता येते म्हणाले आणि अडकले.

खरी कसोटी जानेवारीत सुरू होणाऱ्या लेंट सत्रात. सत्र जेमतेम आठ आठवड्यांचे आणि त्याच्या शेवटाकडे शर्यती. पहाटे अंधारातच नावघरापाशी जमायचे. नाव सुमारे सतरा-अठरा मीटर लांब आणि माणूस कसाबसा मावेल इतकी अरुंद. ती आठजणींनी उचलून पाण्यात ठेवायची. प्रत्येकीला एकच वल्हे, चौघींचे डावीकडे, चौघींचे उजवीकडे. त्यामुळे एकटीने जोर करून काही साधत नाही. नाव फक्त वाकडी होते. आठही वल्ही एका क्षणी पाण्यात शिरली आणि एका क्षणी बाहेर आली, तरच ती पुढे सरकते. एकीचे वल्हे चुकीच्या कोनात पाण्यात अडकले, तर सगळी नाव थबकते. या फजितीला तिथे ‘खेकडा’ म्हणतात. त्या सत्रात मी इतके खेकडे धरले की कोकणात बाजार भरला असता!

नदीवर बर्फ किंवा पूर असला की अर्गोमीटर नावाच्या यंत्रावर बसवायचे. दोन हजार मीटर ओढायचे आणि समोरच्या काट्यावर आपली लायकी वाचायची. काठावरून आमची शिक्षिका सायकलवर सोबत येई आणि ओरडून चुका सांगे. ती स्वतः रसायनशास्त्रात पीएच. डी. करीत होती आणि शिकवण्याचा एक पैसाही घेत नव्हती.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. वल्हवणारे पाठीमागे तोंड करून बसतात. पुढे काय आहे ते फक्त कॉक्सला, म्हणजे सुकाणू धरणाऱ्या नवव्या व्यक्तीला दिसते. बाकी आठजणींना दिसतो तो मागे टाकलेला रस्ता.

आता शर्यतीचा नियम, कारण माझे सगळे म्हणणे त्याच्यावरच उभे आहे. कॅम इतकी अरुंद आहे की नावांना शेजारी शेजारी उभे करून पळवता येत नाही. म्हणून १८२७ पासून तिथे वेगळी रीत आहे. नावा एकामागे एक उभ्या करतात. दोन नावांत साधारण दीड नावेइतके अंतर. कॉक्सच्या हातात काठाला बांधलेल्या साखळीचे टोक असते. चार मिनिटे आधी एक तोफ, एक मिनिट आधी दुसरी आणि तिसरीला साखळी सोडायची. मग प्रत्येक नाव पुढच्या नावेचा पाठलाग करते आणि मागचीपासून स्वतःला वाचवते. पुढच्या नावेला स्पर्श झाला की ‘बम्प’ झाला. दोन्ही नावा काठाला लागतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागांची अदलाबदल होते. असे चार दिवस. चारही दिवस वर चढणाऱ्या नावेचा मोठा मान; चारही दिवस खाली येणाऱ्या नावेला थट्टेने ‘चमचे’ मिळाले म्हणतात.

यात ज्याचे मला नवल वाटले ते पुढेच आहे. पहिल्या दिवशी कोण कुठे उभे राहणार? चिठ्ठ्या टाकत नाहीत, चाचणी घेऊन नव्याने क्रमही लावत नाहीत. तळाच्या काही नावांना पात्रतेची फेरी असते. ती सोडली, तर गेल्या वर्षी चौथ्या दिवशी त्या कॉलेजची ती नाव जिथे होती, तिथेच यंदाची पहिल्या दिवशी उभी राहते. तिच्यातली माणसे सगळी बदललेली असोत. मागच्यांनी मिळवले ते तुमचे, मागच्यांनी घालवले तेही तुमचेच. उन्हाळ्यातल्या मे बम्प्स (त्या भरतात मात्र जूनमध्ये!) साथीमुळे २०२० आणि २०२१ साली झाल्या नाहीत. २०२२ साली नावा पुन्हा उभ्या राहिल्या त्या २०१९ च्या क्रमाने. २०१९ ची बहुतेक मुले तोवर शिकून निघून गेली होती. त्यांनी सोडलेल्या जागा मात्र राखलेल्या होत्या.

आमच्या कॉलेजच्या स्त्रियांच्या दुसऱ्या नावेत मी चौथ्या जागेवर बसत असे. आम्हाला चांगली जागा मिळाली होती, पण ती आमच्या कमाईची नव्हती. आमच्या आधीच्या मुलींनी ती मिळवली होती. पहिल्या दिवशी रेल्वे पुलाच्याही अलीकडे आम्हाला गाठले. दुसऱ्या दिवशी तर वळणावरच. पाठीमागे तोंड असल्यामुळे मागून येणारी नाव सबंध वेळ डोळ्यांसमोर मोठी होत जाते, ही त्यातली खास शिक्षा! तिसऱ्या दिवशी खेकडा माझाच. चौथ्या दिवशी आम्ही सर्वांत चांगले वल्हवले आणि तरीही गाठले गेलो. चार जागा खाली. चमचे.

त्या संध्याकाळी मला हरल्याचे दुःख फारसे नव्हते. परीक्षेत कमी गुण मिळाले तर आपलेच मिळतात. इथे मी ज्या मुलींना कधी भेटणार नव्हते, त्यांच्या चार जागा घालवून आले होते. पुढच्या वर्षी कुणी तरी एक नवी मुलगी थंडीत कुडकुडत येणार आणि आमच्यामुळे चार जागा खालून सुरुवात करणार. आमच्या कॅप्टनने आम्हाला बोल लावला नाही आणि धीरही दिला नाही. तिने एवढेच विचारले, ‘ऑक्टोबरमध्ये नव्या मुलींना शिकवायला कोण कोण असेल?’ पाच हात वर झाले. मी परतणार होते, म्हणून माझा हात खालीच राहिला. ती गोष्ट अजून बोचते.

आता आपल्या महाविद्यालयाकडे येते. आपल्याकडे वाङ्मय मंडळ आहे, वादविवाद मंडळ आहे, नाट्य विभाग आहे, जिमखाना आहे. गुणी मुलामुलींचीही वाण नाही. पण जून-जुलै उजाडला की प्रत्येक मंडळ शून्यावर उभे असते. गेल्या वर्षीचा चिटणीस पदवी घेऊन गेलेला असतो आणि त्याच्याबरोबर कपाटाची किल्ली, पाहुण्यांचे पत्ते, कोणते नाटक का पडले याचे शहाणपण, सगळेच गेलेले असते. नवा चिटणीस पुन्हा भित्तिपत्रकाला ‘नवा अंकुर’ असे काहीसे नाव देतो, पुन्हा त्याच चुका करतो आणि मार्चमध्ये शहाणा होऊन तोही निघून जातो. ढाली काचेच्या कपाटात राहतात. जागा मात्र कुणी कुणाला देत नाही. जिंकणारे स्वतःसाठी जिंकतात, हरणारे कुणालाच उत्तर देत नाहीत.

यावर कुणी म्हणेल, बाई, हे श्रीमंतांचे खेळ. आपल्याकडे पाणी नाही, नाव नाही, पैसा नाही. आक्षेप अर्धा खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. इंग्लंडमध्ये या खेळावर वर्गाभिमानाचा डाग आहे. हेन्लीच्या प्रसिद्ध शर्यतींत अंगमेहनतीची कामे करणाऱ्यांना बंदी घालणारा नियम १९३७ पर्यंत होता. विटा रचण्याचे काम केलेल्या जॉन केली या अमेरिकन वल्हेकऱ्याचा अर्ज १९२० साली तिथे नाकारला गेला आणि त्याच वर्षी तो ऑलिंपिक विजेता झाला. स्त्रियांना मे बम्प्समध्ये स्वतःच्या शर्यती मिळायला १९७४ साल उजाडावे लागले. परंपरा म्हटली की तिच्यात असलेही पुष्कळ येते. ते टाकून द्यायलाच हवे. पण हा खेळ आपला नाही, हे मात्र मला मान्य नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ पासून आहे. आणि दत्तू भोकनळ तर चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. विहिरी खोदणारा हा मुलगा सैन्यात गेल्यावर वल्हवायला शिकला, २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये उतरला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत त्याने सुवर्णपदक मिळवले. पाणी नसलेल्या गावाने दिलेला वल्हेकरी!

शिवाय मी नाव मागतच नाही. मी तो नियम मागते आहे आणि त्याला पैसा लागत नाही. प्रत्येक मंडळाने एक जाड वही ठेवावी. त्यात जाणाऱ्या चिटणिसाने काय साधले, काय बिघडले, काय अर्धे राहिले हे खरे खरे लिहावे आणि नव्या चिटणिसाने पहिल्या सभेत ते मोठ्याने वाचून तिथूनच कामाला लागावे. जिमखान्याने जिंकणारा एक संघ निवडून थांबू नये. ज्यांना खेळता येत नाही त्यांचाही दुसरा, तिसरा संघ करावा आणि त्यांना पहिल्या संघातल्यांनी शिकवावे. फी सर्वांकडून घेतो, तर घाम गाळण्याची संधीही सर्वांना द्यावी.

दरवर्षी मार्चमध्ये मी तिथले निकाल काढून पाहते. आमच्यानंतरच्या वर्षी आमची नाव आणखी एक जागा खाली गेली. मग थांबली. मग हळूहळू, एकेक करीत, चढू लागली. यंदा ती आम्हाला मिळालेल्या जागेपेक्षा दोन जागा वर आहे. तिच्यातल्या एकीलाही मी ओळखत नाही. निकाल पाहिला त्या दिवशी मात्र घरात काही कारण नसताना शिरा केला.

ती वही मी स्वतः आणून संपादक मंडळाच्या विद्यार्थिनींच्या हाती दिली आहे. तिचे पहिले पान त्यांनीच, हे वार्षिक छापून होताच, लिहावे.